माशी आणि ठिपका

बंदूक ह्यांची. परवाना आता माझ्या नावावर.
कलेक्टर कचेरीचे चौदा हेलपाटे,
आणि ‘बाई, तुम्हाला कशाला?’ हा प्रश्न सात वेळा.
दर वेळी मी गिरणाऱ्याच्या पुढचं घर सांगितलं,
मळ्यातलं, शेजार साडेतीनशे पावलांवर,
फेब्रुवारीत कुलूप तोडून नेलेली पाण्याची मोटर.
सांगितलं नाही ते एवढंच, की झोप लागत नाही.

बारा बोअर, दुनळी. टोकाला पितळी माशी.
ह्यांना ती दिसायची, देवळालीच्या तोफखान्यातला माणूस.
मला दिसते ती
कपाच्या काठावरून नुकतीच उडून गेल्यासारखी.

‘लाल ठिपका लावून घ्या, भाभी,’ हकीमुद्दीनशेठ म्हणाले.
‘दोन्ही डोळे उघडे. ठिपका जिथं, छर्रे तिथं.’
शालिमारच्या मागे, पंख्याखाली, काचेवर तीन डब्या.
पहिली पन्नास हजारांची. तिला हात लावला नाही,
सोनाराकडे तोडे बघतात तशी लांबून बघितली.
दुसरी अकराशेची, चकचकीत.
शेठनी तिला रबरी हातोडीची एक टपली दिली.
ठिपका कॅलेंडरात एकादशीवर होता,
सरकून अमावास्येला गेला.
‘ही दोन बारांत गाव सोडते.’
तिसरी साडेनऊ हजार. काळी, मठ्ठ, कसली म्हणून ऐट नाही.
सात टपल्या खाल्ल्या, ठिपका एकादशीलाच.
उपाशी, पण जागेवर.

सेल नाण्याएवढा, माझ्या वजनकाट्यात असतो तोच.
वर्षानुवर्षं जळतो म्हणे.
‘आणि मध्यरात्रीच संपला तर?’
शेठ हसले नाहीत. ‘दर दिवाळीला बदला.
संपायची वाट बघायची नाही.’
हे मला पटलं.

मग डोळा लावला.
ठिपका गोल नव्हता.
फुटलेला डाळिंबाचा दाणा, खाली ओघळ,
शेजारी त्याचंच एक पिल्लू.
‘खराब आहे,’ मी म्हणाले, जरा आनंदानंच,
घासाघिशीला जागा सापडली म्हणून.
शेठनी माझाच मोबाईल काचेमागे धरून फोटो काढला.
फोटोत गोल. रेखीव.
पूर्वी मी लावायचे त्या दोन नंबरच्या टिकलीसारखा.
‘डबी बरोबर आहे, भाभी.’
पुढचं ते बोलले नाहीत.

पैसे मोजले. बैठक बसवायला बंदूक ठेवली, पावती घेतली,
आणि मेन रोडला सौदामिनी भालेरावकडे गेले, चष्म्याच्या.
अकरा वर्षं तोच चष्मा.
सिलिंडर नंबर पाऊण होता, पावणेदोन झालेला.
‘रात्री दिव्यांना काटे फुटतात का?’
फुटतात. घाटावरून परतताना अख्खी पंचवटी
बोराटीसारखी दिसते.
मला वाटायचं, सगळ्यांनाच दिसते.

आता रायफल क्लबात पंचवीस बार काढून
ठिपका जुळवून घेतलाय. खांदा आठवडाभर निळा होता.
बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या.
चष्मा मात्र उशाशी, उघडा.

परवा पावणेतीनला फाटकाची कडी वाजली.
पहिला हात चष्म्याकडे गेला,
दुसरा अंगणातल्या दिव्याच्या बटणाकडे.
खिडकीतून बघितलं:
गांगुर्ड्यांचा उमाजी, खालच्या मळ्यातला,
उघड्या पायांनी,
कडेवर चादरीत गुंडाळलेली पोर, तापानं फणफणलेली.
जुन्या चष्म्यातून मला फक्त गाठोडं दिसलं असतं.
एका मोटरीएवढं.

‘काकू, गाडीची किल्ली.’
किल्ली दिली नाही. तो कुठला चालवतोय तसल्या हातांनी.
मीच नेली, सिव्हिलपर्यंत,
आणि पूर्ण गंगापूर रोडभर
एकाही दिव्याला काटा नव्हता.

पोर बरी आहे. काल घमेलंभर टोमॅटो आले.
ठिपका कपाटात आहे.
दिवाळीला सेल बदलायचा.